वादळ ओसरल्यानंतर : गॅल्व्हेस्टन शहराची साफसफाई

भूगोलाच्या पुस्तकात चक्रीवादळाचा धडा असतो. समुद्राचे पाणी तापते, हवेचा दाब उतरतो, वारे गरगर फिरू लागतात आणि वादळ किनाऱ्यावर आदळते. शेवटी नुकसानीचा आकडा येतो आणि धडा संपतो. किनाऱ्यावरच्या माणसांची परीक्षा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. घरांच्या जागी लाकडांचे ढीग असतात, पिण्याच्या पाण्यात खारे पाणी मिसळलेले असते, ढिगाऱ्याखाली माणसे असतात. आधी काय उचलायचे? उचललेले ठेवायचे कुठे? कोणी उचलायचे? हे प्रश्न वरवर पाहता व्यवस्थेचे वाटतात. पण त्यांच्या उत्तरांत त्या काळचे विज्ञान, त्या काळचे गैरसमज आणि त्या समाजातील उच्चनीचता हे सगळे उतरलेले असते.

या दृष्टीने अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या गॅल्व्हेस्टन या बंदराचा १९०० सालचा इतिहास पाहण्यासारखा आहे. एका रात्रीत मोडलेले हे शहर साफ करायला काही महिने लागले. आणि ते पुन्हा राहण्याजोगे करायला दहा वर्षांहून अधिक काळ गेला.

वाळूच्या पट्टीवरचे शहर

मेक्सिकोच्या आखाताच्या कडेने वाळूची लांबट, अरुंद बेटे आहेत. लाटांनी आणि प्रवाहांनी आणून टाकलेल्या वाळूची ही बेटे मुख्य भूमीला समांतर असतात आणि मधे उथळ खाडी असते. गॅल्व्हेस्टन हे असेच एक बेट. त्याच्या पूर्व टोकाला वसलेल्या शहराची लोकवस्ती १९०० साली सुमारे ३८ हजार होती. कापसाच्या निर्यातीवर श्रीमंत झालेल्या या शहराचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम ८.७ फूट, म्हणजे पावणेतीन मीटर उंच होता.

धोका कोणाला कळला नव्हता असे नाही. त्याच किनाऱ्यावर नैर्ऋत्येला इंडियानोला नावाचे बंदर होते. १८७५ आणि १८८६ च्या वादळांनी ते दोनदा मोडले आणि दुसऱ्या खेपेनंतर लोकांनी ते सोडूनच दिले. तेव्हा गॅल्व्हेस्टनमध्येही संरक्षक भिंतीची चर्चा झाली, पण भिंत झाली नाही. १८९१ साली हवामान खात्याचे स्थानिक प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून ही भीती निराधार ठरवली. येथे समुद्राचा तळ फार हळूहळू खोल होत जातो, तेव्हा मोठी लाट किनाऱ्यापर्यंत पोचण्याआधीच मोडेल, असा त्यांचा एक युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद वर्गात चर्चेला घेण्यासारखा आहे. उथळ तळावर लाटा फुटतात, हे खरेच आहे. पण वादळात येते ती नुसती लाट नसते. सगळी पाण्याची पातळीच चढते. वारा पाण्याचा वरचा थर किनाऱ्याकडे ढकलत राहतो. समुद्र खोल असेल तर ढकललेले पाणी तळाजवळून परत फिरू शकते. तळ उथळ असेल तर परतीला जागाच नसते आणि पाणी साचत जाते. वारा तोच आणि अंतरही तेच धरले, तर खोली निम्मी केल्यावर हा चढ साधारण दुप्पट होतो. हवेचा दाब कमी झाल्यानेही पाणी चढते, पण ते दर हेक्टोपास्कलला सुमारे एक सेंटिमीटर एवढेच. दाब ५० हेक्टोपास्कलने उतरला तरी त्यापायी पाणी अर्धा मीटरच वर येईल. बाकीचे काम वाऱ्याचे. म्हणजे ज्या उथळपणाला क्लाइन संरक्षण समजत होते, तोच शहराचा घात करणार होता.

८ सप्टेंबर १९००

सप्टेंबरच्या सुरुवातीला हे वादळ क्यूबावरून गेले. हवानाच्या बेलेन वेधशाळेत वादळांच्या अभ्यासाची जुनी परंपरा होती आणि हे वादळ पश्चिमेकडे टेक्सासच्या रोखाने जाईल असा तिथल्या अभ्यासकांचा अंदाज होता. पण क्यूबा तेव्हा अमेरिकेच्या लष्करी अमलाखाली होता आणि क्यूबन निरीक्षकांच्या वादळविषयक तारा अमेरिकन हवामान खात्याने अडवून ठेवल्या होत्या. खात्याच्या मते वादळ फ्लॉरिडावरून अटलांटिककडे वळणार होते.

८ तारखेला दिवसभर उत्तरेचा वारा खाडीचे पाणी शहरात लोटत होता आणि त्याच वेळी आखाताच्या बाजूने, वाऱ्याला न जुमानता, लाटा चढत होत्या. संध्याकाळी वारा फिरला आणि आखाताचे पाणी बेटावर आले. ते १५ फुटांहून अधिक, म्हणजे साडेचार मीटरांच्या वर चढले. शहराचा सर्वांत उंच रस्ताही पाण्याखाली गेला. पहिल्या रांगेतली लाकडी घरे मोडली. त्यांचे वासे आणि तुळया लाटांबरोबर दुसऱ्या रांगेवर आदळल्या. मग दुसरीचे तुकडे तिसरीवर. क्लाइन यांच्या भक्कम घरात सुमारे पन्नास माणसे आसऱ्याला आली होती. ट्रामच्या रुळांचा उखडलेला सांगाडा त्या घरावर आदळला आणि घर कोसळले. त्या पन्नासांतली अठराच वाचली. मृतांत क्लाइन यांची पत्नीही होती.

एकूण मृतांचा आकडा सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत सांगितला जातो. आठ हजार हा सर्वसाधारणपणे मानला जाणारा आकडा. सहा हजार हा कमीत कमी अंदाज घेतला, तरी शहरातल्या दर सहा माणसांमागे एक गेले असा त्याचा अर्थ होतो.

मोडतोडीची भिंत

पाणी उतरल्यावर एक विचित्र दृश्य दिसले. किनाऱ्यालगतचा भाग साफ धुऊन निघाला होता, आणि त्याच्या मागे दुमजली घराएवढा उंच, सुमारे तीन मैल लांब ढिगारा शहराच्या अंगावर रेलून उभा होता. घरे, पियानो, ट्रामचे रूळ, जनावरे, माणसे असे सगळे त्यात दाबून बसलेले. पुढे सरकता सरकता हा ढिगारा इतका जड आणि दाट झाला की तो लाटांच्या माऱ्याने हलेना. शेवटी त्यानेच लाटा अडवल्या आणि त्याच्या मागची घरे वाचली. मोडलेल्या घरांनी आपोआप उभारलेला हा बांध इंजिनियरांनी लक्षात ठेवला असणार.

पण तूर्त हा बांध उपसायचा होता. मुख्य भूमीकडे जाणारे चारही पूल वाहून गेले होते, तारा तुटल्या होत्या. ९ तारखेलाच महापौर वॉल्टर जोन्स यांनी मध्यवर्ती मदत समिती नेमली. शहर विभागांत वाटले गेले, विभागवार शिधा देण्याची सोय झाली आणि अंगात ताकद असलेल्या प्रत्येक पुरुषाने ढिगारा उपसायला यायचे, असा हुकूम सुटला. काम नाही तर शिधा नाही. लष्करी कायदा पुकारण्यात आला.

प्रेतांचा प्रश्न

सर्वांत अवघड प्रश्न प्रेतांचा होता. सप्टेंबरचा उष्मा, जमीन पाण्याने भिजलेली, खड्डा खणला की त्यात पाणी भरे. १० तारखेला समितीने समुद्रात विसर्जनाचा निर्णय घेतला. सुमारे ७०० प्रेते एका पडावावर चढवण्यात आली. हे काम करण्यासाठी कृष्णवर्णीय पुरुषांना बंदुकीच्या धाकाने आणण्यात आले. दारू पाजून त्यांच्याकडून ते करून घेण्यात आले. पडाव १८ मैल समुद्रात नेऊन प्रेतांना वजने बांधून ती सोडण्यात आली. पण वजने नीट बांधली गेली नव्हती. एकदोन दिवसांत त्यांतली कितीतरी प्रेते लाटांबरोबर गॅल्व्हेस्टनच्याच किनाऱ्यावर परत आली.

मग दहनाचा मार्ग धरण्यात आला. ढिगारा उपसताना जिथे प्रेत सापडेल तिथेच मोडक्या लाकडांची चिता रचायची. या चिता कित्येक आठवडे जळत होत्या. ओळख पटवायला, नोंद करायला सवड नव्हती. हजारो कुटुंबांना आपले माणूस नक्की गेले का, कुठे गेले, हे कधीच कळले नाही.

ही घाई का झाली? दुर्गंधी असह्य होती हे तर खरेच. पण त्यामागे एक ठाम समजूतही होती. सडणाऱ्या देहांतून विषारी हवा निघते आणि तिच्यातून साथ पसरते, असे लोक मानत होते. जंतूंचा शोध लागून वीसपंचवीस वर्षे झाली होती, तरी दुर्गंधी म्हणजे रोग हे जुने समीकरण डॉक्टरांच्याही मनातून पुरते गेले नव्हते. आपल्याकडेही त्याच काळात हेच चालले होते. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ साली सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले की समुद्राची हवा खेळेल आणि रोग हटेल, असा हिशेब त्यामागे होता. त्याच वर्षी पॉल-लुई सिमाँ हे फ्रेंच डॉक्टर कराचीत उंदरांवरच्या पिसवांचा प्लेगशी संबंध दाखवत होते, पण त्यांचे म्हणणे मान्य व्हायला बरीच वर्षे लागली.

आज आपल्याला काय माहीत आहे? बुडून किंवा घराखाली सापडून मेलेली माणसे मृत्यूच्या वेळी बहुधा निरोगी असतात. त्यांच्या शरीरात साथीच्या रोगाचे जंतू नसतात आणि सडण्याची क्रिया असे जंतू नव्याने निर्माण करीत नाही. प्रेत हाताळणाऱ्यांनी हातमोजे वापरावेत, पिण्याच्या पाण्यात प्रेते पडली असतील तर ते पाणी वापरू नये, एवढी काळजी पुरते. कॉलऱ्यासारख्या रोगाने मृत्यू आला असेल तर गोष्ट वेगळी. २००४ च्या त्सुनामीतही अनेक ठिकाणी घाईघाईने सामूहिक दफने झाली. त्यानंतर २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉस यांच्या सहभागाने एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली. साथीच्या भीतीने घाई करू नका, छायाचित्रे घ्या, क्रमांक द्या, नोंद ठेवा, असे ती सांगते. मृत्यूचा दाखला नसेल तर वारसाहक्क अडतो, विधवेला मदत मिळत नाही. शिवाय माणूस परत येईल अशी आशा घरच्यांना वर्षानुवर्षे जाळत राहते.

१९०० सालच्या त्या समितीला दोष देणे सोपे आहे. पण त्या उष्म्यात, त्या दुर्गंधीत, हाती असलेल्या ज्ञानावर त्यांनी निर्णय घेतला. आपल्याला घ्यायचा धडा असा की चुकीच्या सिद्धांताची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. पडावावर बंदुकीच्या धाकाने चढवलेल्या माणसांनी ती इतरांपेक्षा जास्त मोजली.

पाणी, तारा, ट्राम

साथ रोखणारी खरी कामे दुसरीकडे चालली होती. शहराला पिण्याचे पाणी मुख्य भूमीवरील आर्टेशियन विहिरींतून, खाडीखालून टाकलेल्या नळाने येत असे. पहिल्या आठवड्यातच पाणी आणि तारायंत्र पुन्हा सुरू झाले. दुसऱ्या आठवड्यात टेलिफोनच्या तारा टाकायला सुरुवात झाली आणि तिसऱ्यात ट्रामगाड्या धावू लागल्या, बंदरातून माल हलू लागला. स्वच्छ पाणी लवकर मिळाले ही गोष्ट, आजच्या ज्ञानाने पाहता, सगळ्या चितांपेक्षा मोलाची होती.

साचलेल्या पाण्याचेही महत्त्व होते, पण त्याचे कारण नुकतेच कुठे उलगडत होते. गॅल्व्हेस्टनने पिवळ्या तापाच्या साथी भोगल्या होत्या. ज्या महिन्यात शहर ढिगारा उपसत होते, त्याच महिन्यात क्यूबात वॉल्टर रीड यांचे पथक हा ताप डासांमुळे पसरतो का याचा तपास करीत होते. त्या पथकातील जेसी लाझियर हे डॉक्टर २५ सप्टेंबर १९०० रोजी त्याच तापाने गेले.

रेड क्रॉसच्या क्लारा बार्टन वयाच्या ७८ व्या वर्षी मदतीला आल्या. मुख्य भूमीवरच्या शेतकऱ्यांची शेतेही वादळाने उद्ध्वस्त केली होती. त्यांना बार्टन यांच्या प्रयत्नाने स्ट्रॉबेरीची पंधरा लाख रोपे वाटण्यात आली. शहरात अनेकांनी ढिगाऱ्यातल्याच लाकडांतून नवी घरे बांधली. कचरा आणि सामान यांत फरक कसा करायचा, हे गरज शिकवते.

भिंत आणि वाळू

ढिगारा उपसून झाला, पण शहर होते तेवढ्याच उंचीवर राहिले. पुढचे वादळ तेच करणार होते. १९०१ साली हेन्री रॉबर्ट, आल्फ्रेड नोबल आणि एच. सी. रिप्ले या तीन इंजिनियरांची समिती नेमण्यात आली. त्यांनी दोन गोष्टी सुचवल्या: समुद्राच्या बाजूने भिंत बांधा, आणि भिंतीमागचे सगळे शहर उचला.

भिंतीचे काम ऑक्टोबर १९०२ ते जुलै १९०४ असे चालले. सागराच्या नीचतम सरासरी पातळीपेक्षा १७ फूट उंच, पायाशी १६ फूट आणि माथ्याशी ५ फूट रुंद अशी ही काँक्रीटची भिंत सव्वापाच किलोमीटरांहून थोडी जास्त लांब होती. लाकडी खांब ठोकून पाया पक्का केला होता आणि समुद्राच्या बाजूला पायथ्याशी ग्रॅनाइटचे दगड टाकले होते. भिंतीचे समुद्राकडचे अंग आतल्या बाजूला वक्र ठेवले होते, म्हणजे आदळलेली लाट वर उसळून मागे वळावी.

दुसरे काम याहून अचाट होते. सुमारे ५०० चौक, त्यांतील दोन हजारांहून अधिक इमारती, चर्च, ट्रामचे रूळ, पाण्याचे आणि गॅसचे नळ असे सारे वर उचलून खाली वाळू भरायची. भर काही ठिकाणी काही इंच, तर काही ठिकाणी ११ फूट. भिंतीपासून खाडीकडे जमिनीला दर १५०० फुटांना एक फूट असा हलका उतार द्यायचा, म्हणजे भिंतीवरून आलेले पाणी खाडीत निघून जाईल.

घरे उचलली ती स्क्रू-जॅकने, मोटारीचे चाक बदलताना वापरतो त्याच तत्त्वाने. सेंट पॅट्रिक चर्चचे वजन सुमारे ३००० टन होते आणि ते ७०० जॅकांनी पाच फूट उचलले गेले. भागाकार करून पाहा: एका जॅकवर सव्वाचार टनांच्या आसपास भार आला. सगळे जॅक इशाऱ्यासरशी एकदम, थोडे थोडे फिरवायचे. एक बाजू पुढे गेली तर भिंतीला तडा.

वाळू भरण्यासाठी शहराच्या मधून तात्पुरता कालवा खणण्यात आला. तळ उपसणारी जहाजे बंदराच्या मुखाजवळची वाळू पाण्यासकट उचलून कालव्यातून आत येत आणि नळांवाटे ते पाणी बांध घातलेल्या भागात सोडत. वेग मंदावला की वाळू खाली बसे, पाणी निघून जाई. नद्या त्रिभुज प्रदेश घडवतात ती हीच क्रिया; येथे ती इंजिनियरांनी भाड्याने घेतली, एवढेच. १९११ पर्यंत सुमारे सव्वा कोटी घनमीटर भर पडली. पाच घनमीटरच्या मालमोटारीने हे करायचे म्हटले तर पंचवीस लाख खेपा होतील. सात वर्षे रोज सुमारे हजार.

या काळात लोक फळ्यांच्या उंच पुलांवरून चालत, खाली कुजका वास मारणारा चिखल असे. वाळूचा खर्च सार्वजनिक होता, पण आपले घर उचलण्याचा खर्च मालकाने करायचा होता. ज्यांना तो झेपला नाही, त्यांचा तळमजला वाळूत गेला.

मिठाने मारलेली झाडे

या सगळ्यात एक गोष्ट मेली, ती म्हणजे झाडे. खाऱ्या वाळूत मुळे कोंडली गेली. मातीतल्या पाण्यात मीठ जास्त झाले की मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. ओल असूनही झाड तहानेने मरते. त्या वेळी पुढे आली ती स्त्रियांची आरोग्य संरक्षण संघटना. १९०१ साली ती स्थापन झाली तेव्हा वाळूत घाईने पुरलेल्या मृतांचे नीट दफन व्हावे हे तिचे पहिले काम होते. पुढे तिने शुद्ध दूध, बाजाराची स्वच्छता यांसाठी आग्रह धरला, आणि १९०६ पासून खाऱ्याला टिकणारी झाडे लावायला घेतली. १९१२ पर्यंत सुमारे दहा हजार झाडे आणि अडीच हजार कण्हेरी लागल्या. इंजिनियरांची नावे फलकावर राहिली; सावली मात्र या स्त्रियांनी दिली.

कसोटी

ऑगस्ट १९१५ मध्ये तसेच मोठे वादळ आले. भिंतीच्या आसऱ्याबाहेरच्या भागात पुष्कळ माणसे गेली, भिंतीमागच्या शहरात मात्र फार थोडी. भिंत आपले काम करीत होती. पण तिची किंमतही होती. परत उसळणाऱ्या लाटांनी भिंतीपुढची रुंद पुळण खरवडून नेली. व्यापारही परतला नाही. १९१४ मध्ये ह्यूस्टनचा जलमार्ग खुला झाला आणि जहाजे आत निघून गेली.

१३ सप्टेंबर २००८ रोजी आइक वादळ आले तेव्हा भिंत टिकली, पण पाणी मागच्या बाजूने, खाडीतून शहरात शिरले. उतार ज्या बाजूला दिला होता, तीच बाजू उघडी होती. पुन्हा मोडतोड, पुन्हा चिखल, आणि पुन्हा मीठ. सुमारे चाळीस हजार झाडे वाळली. काही वाळक्या ओकवृक्षांची लोकांनी उभ्या उभ्या शिल्पे करून घेतली. खाडीचे तोंड बंद करता येईल अशा दरवाजांच्या मोठ्या प्रकल्पाला अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली.

वर्गात काय करता येईल?

एका बाटलीत वाळू आणि पाणी घालून जोरात हलवा आणि किंचित तिरक्या ताटात ओता. वाळू कुठे बसते, बारीक गाळ कुठवर जातो हे मुलांना पाहू द्या. मेथी दोन कुंड्यांत पेरा. रोपे आल्यावर एकीला साधे पाणी, दुसरीला लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी द्या. समुद्राच्या पाण्यात साधारण एवढेच क्षार असतात. कोणत्या दिवशी पाने माना टाकतात याची नोंद ठेवायला सांगा.

त्यानंतर आपल्या गावाचा किंवा पेठेचा नकाशा काढायला घ्या. सर्वांत उंच जागा कोणती, सर्वांत सखल कोणती, पिण्याचे पाणी कोठून येते, ते बंद पडले तर दुसरी सोय काय, आणि सखल जागेत राहतात कोण, हे त्यावर भरून घ्या. गावात पूर किंवा वादळ आलेले असेल तर त्या वेळी साफसफाई कोणी केली, त्यांना काय मिळाले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून यायला सांगा. हा शेवटचा रकाना भरायला मुलांना सर्वांत जास्त वेळ लागेल. तो वेळ त्यांना द्या.